तारामासा हटवला तर खडकावर काय उरते?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतील एका शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे खडकांवरचे तारामासे उपटून समुद्रात फेकले आणि त्यातून मोठा सिद्धान्त मांडला, असे ती सांगते. मुक्या जिवांना हुसकावणे हे संशोधन कसे, आणि आपल्या कोकणाला त्याचा काय उपयोग?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हे शास्त्रज्ञ म्हणजे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट पेन. १९६३ साली त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील मकाह (Makah) उपसागराच्या काठी खडकाचा सुमारे ८ मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्टा निवडला, तिथले सगळे तारामासे काढले आणि पुढे ओहोटीला जाऊन नव्याने आलेलेही काढत राहिले. शेजारचा तसाच पट्टा त्यांनी मुद्दाम जसाच्या तसा ठेवला. माझ्या मते या प्रयोगाचे खरे बळ त्या न हात लावलेल्या पट्ट्यात आहे, कारण तुलनेला तो नसता तर झालेला बदल तारामाशांमुळे की हवामानामुळे, हे कोणालाच ठामपणे सांगता आले नसते.

हा तारामासा शिंपला खातो कसा, ते पाहण्यासारखे आहे. शेकडो नलिकापादांनी, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांनी, तो शिंपल्याच्या दोन्ही झडपा धरून सावकाश ओढत राहतो आणि किंचित फट पडताच स्वतःचे जठर बाहेर काढून त्या फटीतून आत सरकवतो. पचन तिथेच, शिंपल्याच्या घरात सुरू होते. हा भक्षक नाहीसा होताच मोकळ्या खडकावर आधी बार्नॅकल, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव, दाटले आणि मग त्यांना दडपत शिंपले पसरले. खडकावरच्या जीवांची खरी चणचण जागेची असते, आणि जागेच्या झटापटीत शिंपल्यांपुढे इतरांचे काही चालत नाही. पेन यांनी १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा १५ जातींपैकी ८ च उरल्या होत्या. तारामाशासारख्या, जिच्यावर इतरांचे टिकणे अवलंबून असते अशा जातीला त्यांनी १९६९ मध्ये ‘कीस्टोन’ म्हटले. दगडी कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड तेवढा निखळला की सगळी कमान ढासळते, तशी ही जात.

प्राण्यांना त्रास झाला, हे आपले म्हणणे खरे आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. मात्र हस्तक्षेप एका लहान पट्ट्यापुरता होता, आणि नुसत्या मोजणीने ‘कोण किती आहे’ एवढेच कळते. ‘कोणामुळे कोण टिकले आहे’ हे कळायला काहीतरी बदलून पाहावेच लागते. २०१३ पासून त्याच किनारपट्टीवर रोगाने तारामासे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा पुढे कशावर नजर ठेवायची हे अभ्यासकांना आधीच ठाऊक होते, ते या कामामुळे.

आता कोकणाविषयी. पेन यांनी न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या जातीचा तारामासा काढून पाहिला आणि तिथेही शिंपलेच पसरले. तो शिंपला आपल्या शिनाण्याचा जवळचा भाऊबंद, दोघेही ‘पर्ना’ या एकाच वंशातले. तरीही तो निष्कर्ष हर्णै किंवा मालवणच्या खडकांना जसाच्या तसा लावणे मला घाईचे वाटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचे गोडे पाणी आणि खवळलेल्या लाटा खडकांना झोडपतात, शिवाय ओहोटीला कालवे (खडकांवरचे खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्याच खडकांवर येत आल्या आहेत. म्हणजे तिथला एक भक्षक माणूसच आहे. कमानीचा दगड कोणता, हे प्रत्येक किनाऱ्यावर नव्याने शोधावे लागते.

आपल्या मुलीला सुरुवात करायची असेल, तर एकही जीव न हलवता करता येईल. पुण्यातल्या तपकीर गल्लीत वायरिंगची पीव्हीसी नळी मिळते, तिची अर्धा मीटर बाजूची चौरस चौकट करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत खाली जाते, तेव्हा किनाऱ्यावर जावे आणि ठरलेल्या खडकांवर ठरलेल्या जागी ती चौकट ठेवून आतले जीव मोजावेत, छायाचित्र घ्यावे, तारीख आणि वेळ लिहावी. कालवे काढणाऱ्या बायकांनाही जरूर विचारावे, कुठे काय कमी झाले ते त्यांना आधी कळते. पहिली मोजणी मे महिन्यात आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये झाली, तर पावसाळ्याने काय नेले आणि काय आणले, ते तिच्याच वहीत दिसेल.