सडपातळ असूनही टाईप २?

प्रश्न : वय ३८, अंगाने सडपातळ. टाईप २ मधुमेह सांगितला आहे. वर्षभर गोळ्या घेऊनही साखर चढते, वजन घटतंय. निदान चुकलं असेल का?

उत्तर : शक्यता आहे, आणि ती तपासायलाच हवी. टाईप २ मध्ये इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. टाईप १ मध्ये प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. प्रौढांमध्ये हे कधी कधी सावकाश घडतं, म्हणून सुरुवातीला गोळ्या लागू पडल्यासारख्या वाटतात. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतं, प्रकार नाही. डॉक्टरांना दोन रक्तचाचण्यांविषयी विचारा : जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीच्या या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते यातून कळतं). अँटिबॉडी सापडल्या आणि सी-पेप्टाइड कमी निघालं, तर इन्सुलिन लांबवू नका. तोवर गोळ्या मनाने थांबवू नका. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यास लगेच रुग्णालय गाठा. रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढलेले असू शकतात.