पाण्यावरच्या गावी पाहुणी म्हणून

सिंगापूरहून एका आईचं पत्र आलं आहे:

«मुलगी सोळा वर्षांची आहे, आयबी ह्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला. ऑक्टोबरच्या सुट्टीत शाळा मुलांना आठवडाभर कंबोडियाला नेणार आहे. टोनले साप सरोवरातल्या एका तरंगत्या गावात दोन रात्री लोकांच्या घरी मुक्काम, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवणं, वर्गाच्या भिंती रंगवणं आणि परतताना सिएम रीप शहरातल्या एका अनाथाश्रमात एक दुपार, असा बेत आहे. ह्यांचं म्हणणं, कॉलेजच्या अर्जात चांगलं दिसेल. सांगलीहून सासूबाईंचा रोज फोन येतो, की परक्यांच्या घरी, तेही पाण्यावर, पोरीला कशाला पाठवता? त्यात ती शाकाहारी. तिला मात्र कधी एकदा जाते असं झालंय. मी काय करू?»

पाठवा. मात्र अनाथाश्रमाची दुपार कार्यक्रमातून काढून टाका, असं शाळेला आजच कळवा. शाळा ऐकत नसेल, तर त्या वेळी मुलगी एखाद्या शिक्षिकेबरोबर हॉटेलवर थांबेल, असं लेखी द्या. बाकीच्या गोष्टींत थोडंफार इकडेतिकडे चालेल. ह्या एका बाबतीत चालणार नाही.

कंबोडियातल्या अनाथाश्रमांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतात. युनिसेफ हे कित्येक वर्षं सांगत आहे. मग ही मुलं तिथे आली कशी? गरीब घरी जाऊन कुणीतरी सांगतं, आमच्याकडे पाठवा, जेवण मिळेल, शाळा मिळेल. पोरगं गेलं की परदेशी पाहुण्यांना दाखवायला एक मूल वाढतं आणि त्याच्या नावावर देणग्या येतात. देशातलं यादवी युद्ध मागे पडून पर्यटक वाढले, तशी तिथल्या अनाथाश्रमांची संख्या कमी होण्याऐवजी वाढत गेली. फ्रेंड्स इंटरनॅशनल ही तिथे काम करणारी संस्था पर्यटकांना कळकळीने सांगते की मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा होण्याआधी संसदेच्या समितीने ह्या व्यापाराचा वेगळा विचार केला होता, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्यावर बोट ठेवलं. तुमची शाळा चांगल्या हेतूनेच नेत असेल, ह्याबद्दल मला शंका नाही. पण चार वर्षांचं मूल अनोळखी ताईच्या गळ्यात पडतं, दोन तास खेळतं, ताई निघून जाते आणि पुढच्या आठवड्यात दुसरी येते. तुमच्या मुलीच्या लहानपणी सिंगापूरच्या बालवाडीत अनोळखी विद्यार्थ्यांची बस येऊन मुलांना कडेवर घेऊन फोटो काढू लागली असती, तर तुम्ही एक दिवस तरी सहन केलं असतं का?

आता गावाबद्दल. आधी शाळेला गावाचं नाव विचारा. टोनले सापमध्ये काम्पोंग फ्लुक आणि काम्पोंग ख्लेआंग ही गावं उंच खांबांवर उभी आहेत, तर प्रेक तोआल आणि काम्पोंग लुओंग खरोखर तरंगतात, पाणी हटेल तशी घरंही ओढून नेतात. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तिचं पाणी टोनले साप नदीतून उलटं सरोवरात शिरतं. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं हे सरोवर पावसाळा संपता संपता चार-पाच पट होतं, आणि मीटरभराची खोली आठ-नऊ मीटरांवर जाते. नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह पुन्हा फिरतो, तेव्हा राजधानी नाम पेन्हला बोन ओम तुक हा जलोत्सव आणि होड्यांच्या शर्यती होतात. म्हणजे तुमची मुलगी जाईल तेव्हा पाणी जवळजवळ भरलेलं असेल. उंबऱ्यापासून खोल पाणी, हे गृहीत धरूनच तयारी करा.

सिएम रीपपासून अगदी जवळचं चोंग क्नीआस असेल, तर जास्त चौकशी करा. तिथे नावाडी पर्यटकांना एका दुकानाच्या नावेशी नेतो, शाळेतल्या मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या म्हणतो, भाव बाजाराच्या कितीतरी पट. पोतं शाळेत दिलं की फोटो होतो आणि पुढे ते कुठे जातं ते विकत घेणाऱ्याला कळत नाही. लहान पोरं गळ्यात साप घालून टोपल्याएवढ्या भांड्यांतून वल्हवत जवळ येतात आणि डॉलर मागतात. मुलीला आधीच सांगून ठेवा की त्यांना पैसे द्यायचे नाहीत. मिळालेला प्रत्येक डॉलर त्या पोराला शाळेबाहेर ठेवायला हातभार लावतो.

आणि तिथली काही मुलं शाळेत का नाहीत, हेही तिला जाण्याआधी कळायला हवं. ह्या सरोवरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या व्हिएतनामी वंशाच्या अनेक कुटुंबांकडे नागरिकत्वाचे कागद नाहीत. कागद नाहीत म्हणून जमीन घेता येत नाही, म्हणून पाण्यावर राहायचं. जन्मदाखला नाही म्हणून सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना अडचण. सरोवराकाठच्या काम्पोंग छनांग प्रांतातून २०१८ पासून अशा कुटुंबांना पाण्यावरून उठवून किनाऱ्यावर नेलं गेलं, आणि २०२१ मध्ये नाम पेन्हच्या तरंगत्या घरांना काही दिवसांची मुदत देऊन हलवलं. मासेही पूर्वीसारखे मिळत नाहीत. मेकाँगवर वरच्या अंगाला झालेली धरणं, बेसुमार मासेमारी, २०१६ च्या वणव्यात जळालेलं पाण्यातलं जंगल, मग २०१९ आणि २०२० मध्ये आलेला तोकडा पूर. ह्यातलं एकही दुखणं भिंतीला निळा रंग दिल्याने बरं होत नाही. मागच्या तुकडीने तीच भिंत रंगवली असण्याचीही शक्यता आहे, तेव्हा शाळेला विचारा: रंगकाम कुणी मागितलं? गावातल्या रंगाऱ्याला मजुरी देऊन ते का करून घेत नाही?

इंग्रजी शिकवण्याचं असंच. वर्गावर त्यांच्या शिक्षिका आहेत, त्यांचा अभ्यासक्रम चालू आहे. सोळा वर्षांच्या मुलीने येऊन एक तास रंगांची नावं म्हणून घेतली की त्या बाईंचा एक तास गेला. तुमच्या मुलीने त्या वर्गात मागच्या बाकावर बसावं, बाईंनी सांगितलं तर मदत करावी. सुट्टीत मुलांबरोबर खेळायला तिला कुणाची परवानगी लागणार नाही, तिथे भाषाही लागत नाही.

ह्या सहलीचा खरा ऐवज घरातला मुक्काम आहे, आणि तो दोन रात्रींऐवजी तीन रात्रींचा करता आला तर मी करीन. पहाट व्हायच्या आत मोटारबोटींचा आवाज सुरू होतो. घरातला बाप्या जाळं काढून येतो, बाई उकिडवी बसून मासे साफ करते, वाटेने जाणारी भाजीची नाव हाक मारून थांबवते, पैसे वल्ह्याच्या अंतरावरून हातात पडतात. शाळेचा गणवेश घातलेली पोरं स्वतः होडी वल्हवत जातात. रात्री सौर दिवा किंवा बॅटरीवरचा दिवा, फोन चार्ज करायचा तर वाट बघायची. घर म्हणजे बहुधा एकच मोठी खोली, चटई आणि मच्छरदाणी. तिथे तुमच्या मुलीने मासे साफ करायला बसू नये, पण भाजी चिरायला, भांडी विसळायला, जाळ्याची गाठ कशी मारतात ते शिकायला जरूर बसावं. मोठ्यांना नमस्कार करायची तिथली रीत आपल्यासारखीच, हात जोडून. बाईंना मिंग, काकांना पू म्हणतात. डोक्याला हात लावायचा नाही, घरात शिरताना चप्पल बाहेर, पाय पसरून देवाकडे किंवा वडीलधाऱ्यांकडे करायचे नाहीत. आपल्या घरातल्या मुलीला हे नव्याने शिकवावं लागू नये. घरातल्या वयस्क माणसांनी १९७५ ते १९७९ ची, ख्मेर रूज ह्या क्रूर राजवटीची वर्षं पाहिलेली असतात. ती आपणहून बोलली तर ऐकावं, प्रश्न विचारून उकरून काढू नये.

प्रेक तोआल असेल तर आणखी एक चांगलं काम तिला जवळून दिसेल. तिथे पूर्वी पाणपक्ष्यांची अंडी गोळा करून विकणाऱ्या गावकऱ्यांनाच पुढे पगार देऊन राखणीला ठेवलं आणि पक्षी पुन्हा वाढले. चित्रबलाक आणि पेलिकन तिथल्या पाण्यात बुडालेल्या झाडांवर घरटी करतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर चित्रबलाक दाखवणारे नावाडीही मूळचे मासेमारच आहेत. पुढच्या वेळी पुण्याला आलात की तिला तिथे न्या, तिच्याकडे त्यांना विचारायला बरंच काही असेल. घरट्यांचा हंगाम मात्र डिसेंबरनंतरचा, ऑक्टोबरात फार पक्षी दिसणार नाहीत.

सासूबाईंची काळजी मला मुळीच जुनाट वाटत नाही. परकं घर आणि पाणी ही दोनच कारणं त्यांनी सांगितली, आणि शाळेला नेमकं त्याच दोन गोष्टींबद्दल विचारायला हवं. मुलीला एकटीला कुठल्याही घरात ठेवणार नाहीत ना, निदान दोघी-तिघी एकत्र असतील ना? शिक्षिका किती अंतरावर, आणि रात्री तिथवर जायला नाव आहे का? यजमान घरांची निवड कोण करतं, पाळीपाळीने सगळ्या घरांना पाहुणे मिळतात की एकाच सरपंचाच्या नातलगांना? घराला रात्रीचे किती पैसे मिळतात? शेवटच्या प्रश्नाला चांगली संस्था बिनदिक्कत उत्तर देते. मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम मागा आणि तक्रार करायची तर फोन कुणाला, ते मुलीला पाठ असू द्या.

पाण्यासाठी: ऑक्टोबरपर्यंत तिने पोहणं पक्कं करावं, आणि एकदा तरी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यावर तरंगून पाहावं. होडीत लाइफ जॅकेट घालायचंच, नुसतं शेजारी ठेवायचं नाही. दुपारनंतर सरोवरावर वादळी वारा सुटतो, म्हणून दुपारनंतर लांबचा प्रवास नको. शौचालयाची घाण बहुतेक घरांतून थेट खालच्या पाण्यात जाते. त्या पाण्यात पोहणं, तोंड धुणं, दात घासणं, काहीही नाही. डॉक्टरांकडे सहा-आठ आठवडे आधी जा आणि कावीळ-ए, टायफॉइड, रेबीज, जपानी मेंदूज्वर ह्या लसींबद्दल विचारा. डेंग्यूसाठी लांब बाह्यांचे कपडे आणि डास दूर ठेवणारं मलम. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सॅनिटरी पॅड पुरेसे द्या आणि वापरलेले बंद पिशवीत परत सिएम रीपला आणायला सांगा. हे तिला आधीच कळलं, तर ऐन वेळी अवघडल्यासारखं होणार नाही. २०२५ मध्ये कंबोडिया आणि थायलंड ह्यांच्या सीमेवर लढाई झाली होती, तेव्हा निघण्याआधीच्या आठवड्यात सरकारी प्रवास-सूचना पुन्हा वाचा. मुलीचा पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा वेगळा पाहावा लागेल, वर्गातल्या इतरांच्या भरवशावर राहू नका.

आता जेवण. तिथलं सगळं मासळीवर चालतं. प्राहोक म्हणजे आंबवलेल्या मासळीचा गोळा, तो किंवा मासळीचं पाणी भाजीतही पडतं. शाळेकडून यजमानांना आधी निरोप जाऊ द्या: भात, अंडं चालत असेल तर अंडं, मीठ घातलेली साधी भाजी. बरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरा असं चार वेळचं द्या. पण तिने ते सगळ्यांसमोर काढून एकटीने खाऊ नये, ताटाशेजारी ठेवून घरच्यांनाही द्यावं. ताटात चुकून काही आलंच तर ते हळूच बाजूला सारायचं, चेहरा न करता. मासे धुण्याच्या वासाने तिला उलटी येत असेल, तर ते आताच सांगा आणि ही सहल ह्या वर्षी नको.

सासूबाईंचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत कोण कसं मदतीला आलं, काय उपयोगी पडलं, कोण फोटो काढून गेलं, हे नातीने आजीकडून जाण्याआधी एकदा नीट ऐकावं. घरात पाणी आलेल्या माणसाला पाहुणा कसा हवा असतो, ते आजीइतकं चांगलं कुणी सांगणार नाही.

राहिला कॉलेजचा अर्ज. आयबीच्या सीएएसमध्ये, म्हणजे कला, खेळ आणि समाजसेवेच्या सक्तीच्या भागात, आता तासांची बेरीज मागत नाहीत, मुलीने काय शिकलं आणि त्यात सातत्य किती, हे पाहतात. एका आठवड्याच्या सहलीने ते भरून निघत नाही. परत आल्यावर तिला खरंच काही करायचं असेल, तर सिंगापूरमध्येच परदेशातून आलेले मजूर आणि घरकामाच्या बायका आहेत, त्यांना मदत करणाऱ्या संस्था आहेत. तिथे दर शनिवारी वर्षभर जाणं तिला जमेल का, ते तिलाच विचारा. आणि गावातल्या मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, हे तिच्याकडून निघण्याआधी कबूल करून घ्या.

शाळेला पत्र लिहाल तेव्हा अनाथाश्रमाचा मुद्दा पहिल्याच ओळीत घाला, आणि वर्गातल्या आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या. एकट्या पालकाचं पत्र बाजूला पडतं. फीचा पुढचा हप्ता उत्तर आल्यावर भरा.