दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी आणि अनेक ‘साहेब’

आपला प्रश्न असा आहे की, ओडिशाहून येऊन औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात तीन वर्षे नोकरी केल्यावर आता मतदार यादीत नाव लागले आहे, मराठी वाचता येते, पण इथले पक्ष काही केल्या कळत नाहीत. शिवसेना दोन आहेत, राष्ट्रवादीही दोन आहेत, आणि शेजारच्या यंत्रावरच्या सहकाऱ्याला पक्ष विचारला की तो फक्त “आपण साहेबांचे” एवढेच सांगतो. मी अंबाजोगाईजवळच्या एका गावचा. शाळेत शिकवतो, कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही, आणि निवडणुकीच्या कामावर बऱ्याचदा नेमला गेलेलो आहे. तेवढ्या ओळखीच्या आधारावर उत्तर देतो.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर सुरुवात दिल्लीपासून किंवा मुंबईपासून न करता हैदराबादपासून करावी. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, तरी आपण राहता तो भाग निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. म्हणूनच त्या दिवशी इथे वेगळे ध्वजारोहण होते. निजामाच्या राज्यात स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती निघताच बंदी आली होती आणि स्वामी रामानंद तीर्थ तिचे नेतृत्व करत होते. त्यामुळे काँग्रेस म्हणजे मुक्तिसंग्राम, ही जुन्या पिढीची समजूत होती आणि त्या पुण्याईवर पक्षाने पुढे अनेक दशके इथे मते घेतली. मराठवाड्याने आजवर चार मुख्यमंत्री दिले, नांदेडचे शंकरराव चव्हाण, लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख, आणि शंकररावांचे पुत्र अशोक चव्हाण. चौघेही मुख्यमंत्री झाले ते काँग्रेसचे म्हणूनच. यांपैकी अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षात गेले. काँग्रेसचे चिन्ह आधी बैलजोडी होते, मग गाय-वासरू आणि नंतर पंजा. माझी आजी मात्र पंजा येऊन वीस वर्षे लोटली तरी “बैलजोडीला दिलं” असेच सांगायची.

काँग्रेससमोर तेव्हा कोण होते, हे आजच्या फलकांवरून कुणालाही ओळखता येणार नाही. कंधारला केशवराव धोंडगे आणि उस्मानाबादेत उद्धवराव पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते होते. आज ज्या बीडचे नाव निघाले की लोकांना जातींची गणिते आठवतात, त्या बीडने १९६७ मध्ये साताऱ्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठवले आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून दिले. त्या लाल झेंड्याच्या खुणा आता क्वचितच दिसतात.

शिवसेना १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली, ती मराठी तरुणांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर. मराठवाड्यात परप्रांतीयांनी नोकऱ्या पळवल्याची तक्रारच नव्हती, कारण पळवण्याजोग्या नोकऱ्याच नव्हत्या. त्यामुळे इथे ती जवळपास वीस वर्षे उशिरा, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि आली ती हिंदुत्व घेऊन. औरंगाबाद महापालिकेच्या १९८८ च्या निवडणुकीत तिने मोठे यश मिळवले आणि बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हणायला सुरुवात केली. ते नाव सरकारी कागदावर यायला २०२३ उजाडले. दुसरे एक नाव त्याच काळात पेटलेले होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला, त्यावरून खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि नामविस्तार प्रत्यक्षात १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. शिवसेनेचा नामांतराला उघड विरोध होता. आपल्या शहरातील एखाद्या साठीच्या माणसाशी बोलताना तो नामांतराच्या वेळी कुठे उभा होता हे कळले, तर त्याचे आजचे मत पुष्कळदा न विचारता समजते, असा माझा अनुभव आहे.

भारतीय जनता पक्ष आपल्याला ओडिशातून ठाऊक आहेच. इथे मात्र तो वाढला तो दोन मित्रांमुळे, अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन आणि परळी तालुक्यातील नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे. शेटजी-भटजींचा पक्ष अशी ज्याची हेटाळणी व्हायची, त्याला मुंडे यांनी ऊसतोड मजुरांपर्यंत आणि इतर मागासवर्गीयांच्या वाड्या-तांड्यांपर्यंत नेले. शिवसेना आणि भाजप यांची युती १९८९ पासूनची. १९९५ मध्ये त्यांचे सरकार आले तेव्हा मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि मुंडे उपमुख्यमंत्री होते. चार वर्षांनी, १९९९ मध्ये, सोनिया गांधी यांच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढून शरद पवार काँग्रेसबाहेर पडले, त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली आणि त्याच वर्षी त्याच काँग्रेसबरोबर सरकारही बनवले. मुख्यमंत्री झाले विलासराव. इथले राजकारण नव्या माणसाला समजावताना मी नेहमी याच वर्षाचे उदाहरण देतो, कारण त्यानंतरच्या कोणत्याही घडामोडीचे त्याला फारसे आश्चर्य वाटत नाही.

आता दोन-दोन पक्षांचे कोडे. याचे उत्तर जितके महत्त्वाकांक्षेत आहे तितकेच कायद्यात आहे, आणि कायद्याचा भाग सहसा कुणी सांगत नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला तेव्हा एक तृतीयांश आमदार घेऊन बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि आमदारकी वाचत असे. ही सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. राहिला तो दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचा मार्ग, पण दुसऱ्याच्या पक्षात विलीन व्हायचे म्हणजे स्वतःचे नाव आणि चिन्ह सोडायचे. तेव्हा बाहेर पडणाऱ्याने ‘मी बाहेर पडलोच नाही, मूळ पक्ष मीच’ असा दावा करायचा, ही रीत सोयीची ठरली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी तसे केले आणि जुलै २०२३ मध्ये अजित पवार यांनी. हा दावा निवडणूक आयोगासमोर जातो. आयोगाने दोन्ही वेळा निवडून आलेल्या प्रतिनिधींचे बहुमत कुणाकडे आहे ते पाहिले, आणि शिवसेना हे नाव व धनुष्यबाण शिंदे यांना, तर राष्ट्रवादी हे नाव व घड्याळ अजित पवार यांना दिले. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला मशाल मिळाली आणि शरद पवार यांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस. फुटीच्या वेळी आपल्या जिल्ह्यातील पाच आमदार शिंदे यांच्याबरोबर गेले होते, म्हणून हा वाद आपल्या भागात अधिक घरगुती वाटतो.

चिन्ह ही इथे किती नाजूक गोष्ट आहे ते बीडच्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. शरद पवार यांच्या पक्षाचे बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांचा सुमारे साडेसहा हजार मतांनी पराभव केला. त्याच यंत्रावर एका अपक्षाचे चिन्ह नुसती तुतारी, म्हणजे बँडवाल्यांची पिपाणी, असे होते आणि फारसा परिचय नसलेल्या त्या उमेदवाराला पन्नास हजारांहून अधिक मते पडली. आमच्या गावातही मतमोजणीनंतर आठवडाभर पारावर हाच विषय होता. एक वयस्क गृहस्थ प्रत्येकाला विचारत होते, “तुतारी म्हणजे तुतारीच ना? मग माणूस कशाला पाहिजे?”

सध्या भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि घड्याळवाली राष्ट्रवादी यांच्या आघाडीला महायुती म्हणतात. काँग्रेस, मशाल आणि तुतारीवाला माणूस यांच्या आघाडीला महाविकास आघाडी. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मराठवाड्यातील आठ जागांपैकी महायुतीला केवळ एक मिळाली, तीही आपलीच, संदिपान भुमरे यांची. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला ४६ पैकी चाळीसच्या घरात जागा त्याच महायुतीने जिंकल्या. मतदार तेच होते आणि दोन निकालांमध्ये सहा महिनेही गेले नव्हते. पहिल्या वेळी अंतरवाली सराटीतून उठलेला मराठा आरक्षणाचा प्रश्न आणि सोयाबीनचा पडलेला भाव अंगावर आला होता. दुसऱ्या वेळी लाडक्या बहिणींच्या खात्यावर महिन्याला १५०० रुपये जमा होत होते आणि इतर मागासवर्गीयही एकवटले होते, असा माझा अर्थ आहे. इतरांचा वेगळा असू शकेल.

आपल्या शहरात आणखी दोन नावे टाळता येत नाहीत. एमआयएम हा हैदराबादचा पक्ष २०१२ मध्ये नांदेड महापालिकेतून महाराष्ट्रात शिरला आणि २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांनी सलग चार वेळा निवडून आलेल्या शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांना औरंगाबादेत हरवले. तेव्हा एमआयएमबरोबर प्रकाश आंबेडकर यांची वंचित बहुजन आघाडी होती. वंचितचा उमेदवार निवडून येवो न येवो, तो दुसऱ्याचा निकाल बदलू शकतो. त्याच वर्षी नांदेडला वंचितला दीड लाखाहून अधिक मते पडली आणि अशोक चव्हाण यांचा पराभव सुमारे चाळीस हजारांनी झाला. तेलंगणचे चंद्रशेखर राव यांनीही २०२३ मध्ये नांदेडला मोठी सभा घेतली होती. त्यांच्या पक्षाचे गुलाबी फलक बरेच लागले, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतला एकही टिकला नाही.

एवढे वाचूनही आपल्याला वाटेल की, विचार कुणाचा काय हे कळलेच नाही. ते वाटणे बरोबर आहे. माझ्या परिचयाच्या एका कार्यकर्त्याच्या घरी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तीन पक्षांची उपरणी इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली आहेत. मी हसलो तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, “सर, नेता तोच आहे, उपरणं त्याचं बदलतंय, त्याला मी काय करू?” तो खोटे बोलत नव्हता. पीककर्ज देणारी सोसायटी, जिल्हा बँक, उसाला तोड देणारा साखर कारखाना, मुलाला शिक्षकाची नोकरी देणारी शिक्षणसंस्था ही सगळी ज्यांच्या हातात असतात त्यांच्याशी माणूस बांधलेला असतो आणि पक्ष हा त्या नेत्याचा त्या वर्षीचा पत्ता असतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर पक्षाचे चिन्ह नसतेच, दोन पॅनल असतात; आमच्या गावात मागच्या वेळी दोन्ही पॅनलच्या फलकांवर वर एकाच मंत्र्याचा फोटो होता आणि खाली एकाच घरातले दोन चुलतभाऊ हात जोडून उभे होते. म्हणून इथे “कोणत्या पक्षाचे?” यापेक्षा “कुणाचे?” हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, आणि तो विचारलेला कुणाला खटकतही नाही.

आपल्या सहकाऱ्याने नेमके त्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. फक्त ‘साहेब’ म्हणजे कोण हे गावावर अवलंबून असते. तो लातूरकडचा असेल तर बहुधा विलासराव, परळीकडचा असेल तर मुंडे, नांदेडचा असेल तर चव्हाण. जुना शिवसैनिक असेल तर बाळासाहेब आणि मूळ राष्ट्रवादीतला असेल तर शरद पवार. यांतले विलासराव, मुंडे आणि बाळासाहेब आज हयात नाहीत, तरी मते त्यांच्या नावाने पडतात. तेव्हा उद्या जेवणाच्या सुट्टीत त्याला पक्ष विचारू नका, गाव विचारा.