घड्याळ पुढे केल्याने वीजबिल उतरतं का?

तुम्ही नुकतेच पुण्याहून अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसला आलात आणि मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे केलं (इथलं ‘डेलाइट सेव्हिंग’: उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून) की घरची वीज वाचते का, असं विचारलंय. वाचत नाही. इंडियानात तर थोडी जास्तच लागते.

२००६ पर्यंत इथल्या ९२ पैकी बहुतेक काउंट्या (म्हणजे जिल्हे) घड्याळाला हातच लावत नव्हत्या. त्या वर्षी राज्यभर एकच नियम आला आणि मॅथ्यू कॉचेन व लॉरा ग्रँट या अर्थतज्ज्ञांना आयतीच संधी मिळाली. लोकांची आधीची आणि नंतरची बिलं ताडून पाहिली, तर घरगुती वापर सुमारे १ टक्क्याने वाढलेला निघाला. दिव्यांवर वाचलं ते एसी आणि हीटिंगने गिळलं.

हिशेब घरीही करून बघा. ९ वॉटचे दहा एलईडी तासभर बंद ठेवलेत, तर युनिटचा दहावा हिस्सासुद्धा वाचत नाही. अख्ख्या घराचा एसी सलग तासभर चालला की तीनेक युनिट सहज जातात. जूनअखेर इथे सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सहाला घरी याल तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन रणरणतं आत येत असतं. दुपारीच त्या खिडकीचे ब्लाइंड्स (पट्ट्यांचे पडदे) पाडून ठेवा, घड्याळापेक्षा त्याचा उपयोग जास्त. १९१६ मध्ये जर्मनीने कोळसा वाचवायला घड्याळ पुढे करायची पद्धत आणली तेव्हा घरोघरी एसी कुठे होते! अ‍ॅरिझोना राज्याने तर उन्हाळ्यापायीच तिला रामराम ठोकला.

एक गोष्ट मात्र लगेच करा. थर्मोस्टॅट (ठरलेल्या वेळी घराचं तापमान बदलणारं यंत्र) वायफायवाला नसेल, तर त्याचं घड्याळ बहुधा हातानेच बदलावं लागेल. विसरलात तर तो तासभर मागेच राहतो: सकाळी उठाल तेव्हा घर गारठलेलं, आणि सगळे कामावर गेल्यावर फर्नेस (घर तापवणारी भट्टी) रिकाम्या घराला तासभर ऊब देत बसतो. बिलात वेळेनुसार वेगळा दर असेल, तर महागाचे तास कुठले तेही वीज कंपनीला विचारून घ्या. वॉशर-ड्रायर त्या तासांत लावू नका.

भारतात हे का नाही? मुंबईत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सव्वादोन तासांचाच फरक, इथे साडेपाच तासांच्या वर. तरी दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढे होती.

आणि हो, आईबाबांना फोन करताना आता साडेनऊ तास धरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून पुन्हा साडेदहा.