गावोगावच्या रिंकवरचं करिअर

मिसिसागाच्या ताईंना,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा पंधरा वर्षांचा, आइस हॉकीत डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. ओएचएल या ओंटारिओतल्या ज्युनिअर लीगचे, खेळाडू हेरणारे स्काउट त्याचे सामने बघायला येऊ लागलेत. बाबांना त्याने इंजिनिअर व्हावं असं वाटतं. आणि तुम्ही विचारता, ‘एनएचएल, म्हणजे सगळ्यात वरची लीग, नाहीच जमली आणि हा वर्षानुवर्षं या गावाहून त्या गावाला खेळत फिरला, तर त्याला करिअर म्हणायचं का?’

म्हणायचं, ताई. हॉकीच्या भाषेत अशा खेळाडूला जर्नीमन म्हणतात आणि हा खेळ त्यांच्यावरच उभा आहे. एनएचएलचे संघ ३२, प्रत्येकात २३ जण. बाकीचे हजारो खेळाडू कुठेतरी खेळतातच ना?

मॅनी मल्होत्रा तुमच्याच गावी जन्मला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सातव्या क्रमांकावर निवडला गेला. याहून चांगली सुरुवात फार थोड्यांना मिळते, तरी एनएचएलमध्ये त्याला सात संघांकडून खेळावं लागलं. मार्च २०११ मध्ये डोळ्यावर पक (खेळातली रबरी चकती) बसला, शस्त्रक्रिया झाल्या. २०१३ मध्ये कुणी करार देईना, तेव्हा तो एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, एएचएलमध्ये, शार्लट संघाकडे चाचणीवर खेळायला गेला आणि तिथून एनएचएलच्या कॅरोलायना संघाने त्याला घेतलं. एनएचएलमध्ये एकूण ९९१ सामने. २०२५ मध्ये अ‍ॅबट्सफर्ड संघाने एएचएलचा काल्डर कप जिंकला तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक तोच होता.

पण तुमच्या घरी रॉबिन बावाची गोष्ट जास्त बोलली जावी असं मला वाटतं. एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा तो पहिला, १९८९ मध्ये. तिथे चार संघांकडून त्याच्या वाट्याला ६१ सामने आले. बाकी सारी वर्षं खालच्या लीगमध्ये गेली.

या आयुष्याचं गणित करारात असतं. टू-वे करार म्हणजे एनएचएलमध्ये असताना एक पगार, एएचएलमध्ये पाठवलं की दुसरा, पुष्कळच कमी. वर कुणाला दुखापत झाली की बोलावणं येतं, तो बरा झाला की बॅग भरून परत. त्याखाली ईसीएचएल ही लीग. तिथे पगार आठवड्याचा, राहायची जागा संघ देतो आणि प्रवास बसचा. नाटकाच्या दौऱ्यावर आयुष्य काढलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, तसंच हे. फक्त इथे अंगावर रोज मार बसतो. पुढे काही जण जर्मनी, स्वीडन, ब्रिटनमध्ये खेळतात. ब्रिटनमधले काही संघ खेळता खेळता मास्टर्स करायची सोयही करून देतात.

म्हणून बाबांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. खेळ तिशीच्या आसपास संपतो, कधी एका धडकेत त्याआधीच. शिक्षण सोबत हवंच. पूर्वी ओएचएलमध्ये खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५ पासून एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेने ते उघडलं, त्यामुळे आता एकाच वाटेवर सगळं पणाला लावायची सक्ती राहिलेली नाही. ओएचएलच्या संघाने बोलावलं तर शिष्यवृत्तीच्या अटी लेखी मागा: किती वर्षांची फी, ती किती मुदतीत वापरायची, प्रो करार केला तर तिचं काय होणार. आणि बारावीचे गणित-विज्ञानाचे विषय सोडू देऊ नका, म्हणजे इंजिनिअरिंगही हातचं जाणार नाही. खाजगी कोचिंग आणि कॅम्पसाठी घरावर कर्ज काढू नका, हे मात्र कळकळीने सांगते.

एक करा. या हंगामात त्याला टोरांटो मार्लीज या एएचएल संघाच्या सामन्याला न्या. दोन्ही संघांतला तिशीला आलेला एखादा खेळाडू त्यालाच निवडू द्या. घरी आल्यावर त्या खेळाडूचा प्रत्येक हंगाम वहीत लिहायला सांगा: कोणतं गाव, किती सामने, मधेच कुठे पाठवलं. ती वही बाबांसमोर ठेवा आणि मुलगा काय म्हणतो ते मला कळवा, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी.