एमएस आहे म्हणून नोकरी सोडू का, कर्ज फेडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ३६, पुण्यात खासगी कंपनीत नोकरी, तीन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घकाळ चालणारा आजार) निदान, सध्या औषध लागू पडलंय. वडिलांच्या जमिनीचे १४ लाख हातात आलेत आणि घरकर्ज ११ लाख बाकी आहे. सासूबाई म्हणतात, कर्ज फेडून टाक, नोकरी सोड आणि आराम कर. त्या काळजीपोटीच बोलतात. तरी माझं मत नाही असंच आहे, आणि दोन्ही एकदम तर मुळीच नको.

आधी नोकरीचं. तुमच्या पगाराइतकाच मोलाचा आहे तो ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम. आज नवी पॉलिसी घ्यायला गेलात तर कंपनी हा आजार वगळू शकते, नाहीतर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. त्यामुळे थकवा वाढला तर राजीनाम्याआधी कामाची वेळ बदलून मागा, उन्हाळ्यात घरून काम मागा. आणि कधी सोडायची वेळ आलीच, तर सोडण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. निदानाआधीची एखादी क्रिटिकल इलनेस पॉलिसी (ठरावीक गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारी) कपाटात पडली असेल तर तीही काढून वाचा. त्यात एमएस बहुधा असतो, मात्र हालचालीतला किंवा संवेदनेतला दोष सलग सहा महिने टिकल्याची अट असते.

आता कर्ज. घरात घातलेला पैसा अडीअडचणीला पटकन बाहेर निघत नाही. एमएसचा झटका सांगून येत नाही. त्या महिन्यात बिनपगारी रजा, फिजिओथेरपी, घरात मदतीला बाई, सगळं एकदम येतं. म्हणून १४ लाखांतले ९ लाख मुदत ठेवीत राहू द्या, दोन बँकांत, कारण ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. ३ लाख कर्जात भरा. एरवी मी मुदत कमी करायला सांगतो, तुम्हाला मात्र हप्ता कमी करून घ्या म्हणेन. साडेआठ टक्क्यांनी आणि उरलेल्या नऊ वर्षांच्या हिशेबाने तो १४,६०० वरून १०,६०० च्या आसपास येईल. उरलेलं ८ लाखांचं कर्ज ठेवून ठेव सांभाळायची, तर ठेवीवर साडेसहा टक्के आणि २० टक्के कर धरून वर्षाला पंचवीसेक हजारांचं नुकसान आहे. ते सोसा. ऐनवेळी कुणापुढे हात पसरावा लागू नये, याची ती किंमत आहे.

ठेवी मिस्टरांबरोबर जोडनावावर ठेवा, दोघांपैकी कुणालाही काढता येतील अशा. हात थरथरायला लागला की सही बदलते आणि मग बँकेत खेटे पडतात.

राहिले २ लाख. हे घरावर आणि स्वतःवर खर्च करा. माझ्या एका अशील बाई बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीला धरून उठायच्या. एक दिवस दांडी स्क्रूसकट भिंतीतून निघून आली. मनगट मोडलं, पुढे दोन महिने केसही दुसऱ्याने विंचरायचे. भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी आणि न घसरणारी फरशी याचा खर्च त्या प्लास्टरपुढे काहीच नाही. एसीसुद्धा तुमच्यासाठी चैन नाही. अंग तापलं की एमएसची लक्षणं वाढतात, हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टनेही सांगितलं असेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. सध्या तुमचं चालणं चांगलं आहे, त्यामुळे ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आज मिळेलच असं नाही. पण तपासण्यांची फाइल तारखेवार लावून ठेवा. पुढे मिळालं तर जुन्या करप्रणालीत ७५,००० ची वजावट आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा पुण्यात आहे, तिथेही एकदा जाऊन या. हेच सगळं जगत असलेली माणसं तिथे भेटतील, ते मला देता येणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, जलतरण तलावाची फी उधळपट्टी वाटली म्हणून बंद केली. पाण्यात अंग तापत नाही, तोल गेला तरी पडायची भीती नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्या २ लाखांतली पहिली पावती तलावाच्या फीची फाडा.