माळ घातली आणि तिसऱ्या रात्री भास झाले

"मावशी, नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. संध्याकाळी क्वार्टर आणि वर्षभरापासून सकाळीही नाइंटीचं, म्हणजे ९० मिली दारूचं पाकीट. आषाढीला माळ घालून दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला. तिसऱ्या रात्री म्हणाला, कोपऱ्यात माणसं बसलीत. सासूबाईंनी उतारा टाकला. शेवटी दिरांनी घोट पाजला तेव्हा निवला. परत प्यायला लागलाय. शेजारीण म्हणते, चहातून दारू सोडवायची पुडी दे, कळणारही नाही. तो म्हणतो, आता फक्त बिअर घेतो. काय करू?" – खानापूर तालुक्यातली एक

पोरी, त्या रात्री तुझ्या नवऱ्याला बाहेरचं काही लागलं नव्हतं, आणि त्याची भक्तीही कमी पडली नव्हती. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडत सतत ताणलेला राहायला शिकतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते आणि ताण तेवढा उरतो. काही तासांत थरथर, एक-दोन दिवसांत काहींना फिट, दोन-तीन दिवसांनी भास आणि ताप. यात माणूस दगावतो गं. म्हणून दवाखाना गाठेपर्यंत "आजपासून बंद" अशी शपथ त्याला घालू नकोस. तरी फिट आली किंवा भास सुरू झाले, तर उतारा नको, १०८ ला फोन कर.

पुडीचं तर नावच काढू नकोस. त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून, आणि दारू थांबल्यानंतरच. नकळत पोटात गेली आणि वरून तो प्याला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली. जिवावरही बेतू शकतं. आणि कळलं, तर तुझ्या हातचा चहा तो पुन्हा विश्वासानं पिईल का?

बिअरचा हिशोब त्यालाच दाखव. नाइंटीच्या पाकिटात साधारण ३० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम. लग्नाकार्यात कधीतरी घेणाऱ्यानं कमी घेतली, पोटभर जेवून घेतली, तर थोडाफार उपयोग होतो. ज्याला सकाळी हात स्थिर करायला पाकीट लागतं, त्याला "थोडी" जमत नाही. हे मी कठोरपणे नाही, काळजीनं सांगतेय.

बेळगावला बिम्स या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात ने. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्थाही फार लांब नाही. सुरुवातीचे काही दिवस थरथर आवरणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. लिव्हरवर नुसती चरबी साठली असेल, तर दारू सुटल्यावर ती बहुतेकदा उतरते. उशीर झाला की लिव्हर सुकतं, मग ते माघारी येत नाही. कन्नड येत नाही म्हणून थांबू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात. आधी तूच लाव. तुलाही कुणाशी तरी बोलायला हवंय, पत्रातून ते कळलं.

त्याच्याशी बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, सासूबाईंच्या देखत नाही. "तुझी माळ मोडली नाही, ती औषधाशिवाय घातली एवढंच चुकलं," असं म्हण. ओपीडीला जाताना रिकामं पाकीट पिशवीत ठेव, आणि दिवसाला किती जातात ते डॉक्टरांना खरं सांग, एकही लपवू नकोस.